आधी बूट धुवायची जागा दाखवा

२०२३ च्या फेब्रुवारीअखेर जी-२० मधल्या महिलांच्या गटाची बैठक छत्रपती संभाजीनगरला भरली होती. त्या आठवड्यात टॉवर चौकात चहा पिता पिता एका स्नेह्यानं मला विचारलं, ‘‘काय हो, रेल्वेनं अजिंठ्याला जायचं तर सगळं जग उतरतं आपल्या जळगावच्या स्टेशनावर, मग बैठक तिकडे कशी?’’ प्रश्न अगदीच भाबडा नव्हता. भारताकडे वर्षभराचं अध्यक्षपद होतं, साठेक शहरांत मिळून दोनशेहून जास्त बैठका झाल्या. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगरच्या भिंती रंगल्या. खान्देशाच्या वाट्याला एकही बैठक आली नाही. तेव्हापासून ही खंत अधूनमधून भाषणात, पत्रकात, लग्नाच्या पंगतीत ऐकू येते. एखादी मोठी आंतरराष्ट्रीय परिषद आपल्याकडे झालीच पाहिजे, म्हणजे रस्ते होतील, विमानं वाढतील, नाव होईल.

परिषद मागायला माझा विरोध नाही. पण दिल्लीत झाली तशी मागू नये, आणि जी मागायची तिचं नियोजन व्यासपीठापासून नव्हे, संडासापासून सुरू करावं, असं माझं मत आहे. पहिल्यांदा हे बोललो तेव्हा स्नेही हसले. म्हणून जरा सविस्तर.

शिखर परिषद म्हणजे काय, हे लग्नघर चालवलेल्या माणसाला चटकन कळेल. ९ आणि १० सप्टेंबर २०२३ ला दिल्लीच्या भारत मंडपममध्ये जे झालं, त्यात सदस्य देश होते, नऊ निमंत्रित देश होते, शिवाय संयुक्त राष्ट्रं, जागतिक बँक वगैरे संस्था. म्हणजे एका मांडवात पंचवीस-तीस व्याही, आणि प्रत्येकाचा मान सारखा. प्रत्येकाची सुरक्षा वेगळी, गाड्यांचा ताफा वेगळा, पथ्यपाणी वेगळं. त्यांची माणसं कितीतरी आधी येऊन खोल्या, जिने, मागची दारं, जवळचं हॉस्पिटल पाहून जातात. कुणाची गाडी कुणाच्या आधी दाराशी लागायची, याचं मिनिटांचं वेळापत्रक असतं. विमानं उतरतात, पण ती ठेवायची कुठे? दिल्लीत जागा पुरणार नाही म्हणून जयपूर, लखनौसारख्या विमानतळांची तयारी ठेवावी लागली होती. एवढं करूनही कॅनडाच्या पंतप्रधानांचं विमान बिघडलं आणि पाहुण्यांचा मुक्काम दोन दिवस लांबला. ज्यानं वरात सांभाळली आहे त्याला यात नवल वाटणार नाही. प्रत्येक वरातीत एक गाडी बंद पडतेच. नियोजन म्हणजे ती बंद पडणार हे गृहीत धरून दुसरी तयार ठेवणं.

हा सगळा खटाटोप दिल्लीनं पेलला, कारण दिल्लीकडे पंचतारांकित हॉटेलं आहेत, तिथल्या यंत्रणेला याचा सराव आहे आणि पैसा केंद्राचा होता. पण त्याची दुसरी बाजूही तेव्हा सगळ्यांनी पाहिली. ८ ते १० सप्टेंबर शहराला सुट्टी देऊन टाकली. मध्य दिल्लीतली दुकानं बंद. हातावर पोट असणाऱ्यांचे तीन दिवस बुडाले. रस्त्याकडेच्या झोपड्यांपुढे हिरवी कापडं ताणली. माकडांना घाबरवायला लंगुरांचे पुठ्ठ्याचे पुतळे उभे केले. त्याआधी काही महिने गुरुग्राममध्ये जी-२० च्या सजावटीच्या फुलांच्या कुंड्या एका महागड्या गाडीतून आलेल्या माणसानं उचलून नेल्या आणि त्याचा व्हिडिओ देशभर फिरला. मला त्या कुंड्यांचं फारसं वाईट वाटलं नाही. त्या निदान कुणाच्या तरी अंगणात गेल्या. बाकीच्या कुंड्यांचं काय झालं, हे कोण विचारतं?

‘परिषद आली की रस्ते होतात’ हा सगळ्यात ठासून केला जाणारा युक्तिवाद आहे, आणि तो पूर्ण खोटा नाही. १९८३ साली राष्ट्रकुल परिषदेच्या निमित्तानं राष्ट्रप्रमुखांना विश्रांतीसाठी गोव्यात नेलं. तिथला एक रस्ता आजही त्या परिषदेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘चोगम रोड’ म्हणून ओळखला जातो. चाळीस वर्षांनंतर परिषदेचा ठराव कुणाला आठवत नाही, रस्ता आठवतो. ठीकच आहे. पण आपल्याकडचा अनुभव जरा कडू आहे. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानच्या कर्जातून मोठं अभ्यागत केंद्र उभारलं. लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती, प्रेक्षागृह, सगळं होतं. काही वर्षांतच वीज-पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला कुलूप लागलं. उभारायला परदेशी कर्ज मिळालं, दिवे लावायला पैसे राहिले नाहीत. जळगावहून अजिंठ्याला जाणारा रस्ता रुंदीकरणासाठी उखडला तो वर्षानुवर्षं तसाच होता. परदेशी पर्यटक कंबरेला हात लावून गाडीतून उतरायचे, ते आम्ही याच डोळ्यांनी पाहिलं आहे. जिथं जगातले लोक आपणहून येतात, त्या ठिकाणचा रस्ता आपण त्यांच्यासाठी वेळेत केला नाही. मग दोन दिवसांच्या परिषदेसाठी केलेला रस्ता तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत टिकेल, यावर मी विश्वास का ठेवू?

लहान शहरानं मोठी परिषद अंगावर घेतली तर काय होतं, याचं ताजं उदाहरण ब्राझीलचं आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरात भरली. हेतू चांगला होता. जंगलावर बोलायचं तर जंगलाच्या दाराशी बोला. पण खोल्या पुरेनात. भाडी इतकी वाढली की गरीब देशांचे प्रतिनिधी यायचं की नाही याचा विचार करू लागले. शेवटी दोन मोठी प्रवासी जहाजं आणून नांगरली आणि त्यांत माणसं उतरवली. गर्दी विभागावी म्हणून राष्ट्रप्रमुखांची बैठक मुख्य परिषदेच्या आधीच उरकली. त्यातूनही परिषद संपायला एक दिवस उरला असताना मंडपाला आग लागली. बेलेमला निदान जहाज आणायला पाणी होतं. जळगावला खोल्या कमी पडल्या तर वाघूर धरणात काय नांगरणार? आपल्या विमानतळावर छोटी विमानंच उतरतात. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. हे टोमणे म्हणून लिहीत नाही. ही अंथरुणाची लांबी आहे, आणि पाय पसरायचे असतील तर आधी ती मोजावी लागते.

खान्देशाला पाहुणे सांभाळता येत नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला झालं. त्याआधी अधिवेशनं शहरांत व्हायची, खेड्यात भरलेलं हे पहिलं. गांधींचा आग्रह होता की देशाच्या सभेनं एकदा तरी खेड्याच्या अंगणात बसावं. धनाजी नाना चौधरींसारख्या इथल्याच माणसांनी तो भार उचलला. शेतांत ‘तिलकनगर’ वसवलं. नंदलाल बोस यांनी बांबू आणि हाताशी मिळेल त्या साहित्यातून मंडप सजवला, बाहेरून झगमगाट आणला नाही. अध्यक्ष नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. तिचं वर्णन आवर्जून केलं जातं, कारण ती दिसायला छान आहे. मला मात्र साने गुरुजींचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. अधिवेशन यशस्वी व्हावं म्हणून ते राबलेच, पण तिथं त्यांनी मैला वाहण्याचं आणि सफाईचंही काम केलं. अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकवलेला मास्तर, लेखणीचा माणूस, हातात टोपलं घेऊन उभा राहिला. हजारो माणसं चार दिवस शेतात राहणार म्हणजे त्यांच्या पोटात जाणारं आणि बाहेर पडणारं दोन्ही कुणालातरी वाहावं लागतं. आजच्या भाषेत याला व्यवस्थापन म्हणतात आणि त्याचं कंत्राट देतात. कंत्राट द्यावं, त्यात काही वाईट नाही. पण संडास किती लागतील, त्यांना पाणी कुठून येईल, मैला कुठे जाईल आणि तो उचलणाऱ्या माणसाला हातमोजे, बूट आणि रोजच्या रोज मजुरी मिळेल का, हा आराखड्याचा पहिला कागद असावा. आपल्याकडे पहिला कागद निमंत्रणपत्रिकेचा असतो.

फैजपूरमधून काय उरलं, तेही पाहण्यासारखं आहे. तिथं शेतसारा, खंड म्हणजे जमिनीचं भाडं, आणि शेतकऱ्यांच्या कर्जाविषयीचा कार्यक्रम मंजूर झाला, तो ‘फैजपूर कार्यक्रम’ म्हणून ओळखला गेला. पुढं गावात धनाजी नानांच्या नावाचं महाविद्यालय झालं. मंडप उठला, विषय राहिला. विषय शेतकऱ्याचा होता आणि जागाही शेतकऱ्याची होती, म्हणून ते जमलं.

आपली नेहमीची चूक कुठे होते, ते मी स्वतः पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका संस्थेनं चर्चासत्र भरवलं होतं आणि मी वाहन समितीत होतो. एक परदेशी प्राध्यापक पहाटेच्या गाडीनं येणार होते. आम्ही चौघं गुच्छ घेऊन जळगाव स्टेशनवर. गाडी आली, गेली, पाहुणे उतरले नाहीत. त्यांचं तिकीट भुसावळचं होतं. पंचवीस किलोमीटरवर. ते तिथं बाकावर बसून राहिले, आणि एका हमालानं त्यांना चहा पाजून आमच्या नंबरावर फोन लावून दिला. नंतर हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की स्वागत समितीत अकरा माणसं होती, फेटे बांधणारा वेगळा होता, रांगोळीला वेगळी समिती होती, पण तिकिटाची प्रत कुणाकडेच नव्हती. मीही त्यात होतो, म्हणून दुसऱ्याला बोल लावत नाही. त्या दिवसापासून मी कोणत्याही कार्यक्रमाच्या बैठकीत एकच विचारतो, यादी कुणाच्या हातात आहे? एका माणसाच्या. समितीच्या नव्हे.

२ ते ४ फेब्रुवारी २०२४ ला अमळनेरला ९७ वं मराठी साहित्य संमेलन झालं. १९५२ नंतर तब्बल ७२ वर्षांनी ते त्या गावात परत आलं. त्याच दिवसांत गावात विद्रोही संमेलनही होतं. तालुक्याच्या एका गावानं दोन संमेलनं एकदम पोटात घेतली. त्यांतल्या भाषणांबद्दल ज्यानं त्यानं आपलं मत ठेवावं. माझ्या दृष्टीनं मुद्दा हा की तीन दिवसांची, हजारोंची, मराठी बोलणाऱ्यांची गर्दी हे गाव सांभाळू शकतं. मराठी न बोलणाऱ्या तीनशे जणांची परिषद हा त्याच्या पुढचा टप्पा आहे. थेट शिखर नव्हे.

मग मागायचं काय? माझं उत्तर केळी हे आहे.

केळीच्या उत्पादनात भारत जगात पहिला. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या बागा हा त्यातला मोठा हिस्सा, आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. निर्यातीत मात्र इक्वाडोर पुढं आणि आपण बरेच मागं. शिवाय जगभरच्या केळीवर आज एकच काळी सावली आहे. पनामा मर रोगाचा टीआर-४ हा प्रकार. ही बुरशी जमिनीतून येते, खोडात शिरते, झाड आतून वाळवते. औषध नाही, आणि एकदा जमिनीत गेली की वर्षानुवर्षं तिथंच राहते. २०१९ मध्ये ती कोलंबियात पोचली, म्हणजे दक्षिण अमेरिकेत शिरली. आपल्या देशात बिहार आणि उत्तर प्रदेशात ती सापडली आहे. आपल्या बागांतली ग्रँड नैन ही जात तिला बळी पडणाऱ्या कॅव्हेंडिश गटातलीच आहे. खान्देशानं जगाला बोलवावं असा विषय याहून दुसरा मला दिसत नाही. तिरुचिरापल्लीला केळीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, जळगावात केळी संशोधन केंद्र आहे, विद्यापीठ आहे, जैन हिल्ससारखी राहण्या-बसण्याची सोय आहे. तीनशे माणसं, चार दिवस. एवढं पेलतं.

आणि इथंच नियोजनाची खरी परीक्षा येते. ही बुरशी पसरते कशानं? रोपांनी, पाण्यानं, अवजारांनी आणि बुटांना चिकटलेल्या मातीनं. म्हणजे परिषदेसाठी बारा देशांतून आलेले केळीचे तज्ज्ञ, जे काल-परवापर्यंत आपापल्या देशातल्या आजारी बागांत फिरत होते, ते आपल्या बागा पाहायला येणार, आणि त्यांच्या बुटाच्या तळव्यातली चिमूटभर माती रावेरच्या शेतात पडली तर? पाहुण्यांचं स्वागत करता करता आपण तालुक्याची जमीन कायमची बिघडवून बसू. म्हणून या परिषदेच्या आराखड्यात फुलांची कमान शेवटी येते. आधी येतं पायधुणं. विमानतळावरून निघतानाच सगळ्यांना नवे गमबूट. बागेच्या बांधावर जंतुनाशकाची पायधुणी, आत शिरताना आणि बाहेर पडताना. गाडीची चाकं धुण्याची जागा. पाहणीसाठी एकच बाग, तीही मुख्य पट्ट्यापासून सुटी, आणि तिच्या मालकाशी आधी लेखी करार, काही झालं तर भरपाई कोण देणार याचा. ज्याला हे जमणार नाही त्यानं परिषद घेऊ नये. आणि ज्याला जमेल त्यानं या चार दिवसांत जे उभारलं, ते नंतर प्रत्येक बागायतदाराच्या बांधावर राहू द्यावं. पायधुणी, नियम, शिकवलेली पोरं. तोच आपला चोगम रोड.

भाषेचं एक सांगतो, कारण यावर कुणी बोलत नाही. अशा परिषदेत दुभाषे काचेच्या खोलीत बसून एकाच वेळी भाषांतर करतात. काम इतकं दमवणारं की दोघं जोडीनं बसतात आणि वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलतात. केळीच्या जगाची एक मोठी भाषा स्पॅनिश आहे. रावेरचा शेतकरी उभा राहिला तर तो पुस्तकी मराठी बोलणार नाही, तो लेवा बोलीत बोलेल. त्याचं बोलणं आधी इंग्रजीत, मग इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जाणार. पहिली कडीच तुटली तर इक्वाडोरच्या माणसाच्या कानात काहीच पोचणार नाही. म्हणजे त्या काचेच्या खोलीत इथलाच, हीच बोली घरात बोलणारा, कृषी पदवी घेतलेला मुलगा किंवा मुलगी बसायला हवी, आणि तिला सहा महिने आधी तयार करायला हवं. पुण्याहून आणलेला दुभाषा ‘घड’ आणि ‘फणी’ यांत गोंधळ घालेल. आणि शेतकरी बोलणार नसेल, फक्त फेटा बांधून पहिल्या रांगेत बसणार असेल, तर परिषद दिल्लीलाच होऊ द्या.

बाकीच्या गोष्टी इथं राहणाऱ्याला सांगाव्या लागत नाहीत, पण बाहेरून येणारी कंपनी हमखास चुकते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा तारीख डिसेंबर-जानेवारीची, जशी फैजपूरची होती. लेणी पाहायची असतील तर सोमवारी अजिंठा बंद असतो. फर्दापूरपासून पुढं खासगी गाड्या जात नाहीत, तिथून एसटीच्या बसनंच जावं लागतं, आणि ही व्यवस्था इतकी वर्षं चालते आहे. तिचा अभ्यास करा, उगाच चाळीस आलिशान गाड्या भाड्यानं आणू नका. जेवणात थंडीतलं भरीत आणि कळण्याची भाकरी ठेवा, पण तिखट वेगळं द्या. आमच्या शेवभाजीनं एखादा पाहुणा आडवा पडला तर त्याचं कौतुक आपल्यालाच असतं, त्याला नव्हे. रुग्णवाहिका मंडपापाशी उभी असावी, मुख्य पाहुण्याच्या ताफ्यात नव्हे. आणि शहराला सुट्टी देऊ नये. दाणा बाजार चालू, भाजीवाल्या आपल्या जागेवर, शाळा चालू. ज्या परिषदेसाठी गाव बंद करावं लागतं, ती गावाला मोठी पडते आहे, याहून वेगळा पुरावा नको.

पैशांविषयी माझी अट कडक आहे. खर्चाचा आराखडा परिषदेच्या सहा महिने आधी महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या फलकावर लागला पाहिजे, आणि प्रत्येक वस्तूपुढं लिहिलेलं असावं की ती नंतर कुणाच्या ताब्यात जाणार. जनरेटर कुठल्या रुग्णालयाला, संडासांचे सांगाडे कुठल्या यात्रेला, खुर्च्या कुठल्या शाळेला. सारंगखेड्याच्या यात्रेत दरवर्षी दत्तजयंतीला घोडे आणि माणसं मिळून केवढी गर्दी होते. ते संडास तिकडं वर्षानुवर्षं उपयोगी पडतील. ज्या वस्तूपुढं काहीच लिहिता येणार नाही, ती घेऊ नका. मला वाटतं, अशानं निम्म्या कमानी आपोआप गळून पडतील. वीजबिल कोण भरणार, हेही त्याच कागदावर हवं. अजिंठ्याच्या कुलपाची किल्ली तिथंच हरवली होती.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो माझ्याच मनात आहे. एवढं लहान, एवढं काटकसरीचं मागितलं तर देणारे तेवढंही देतील का? आपल्याकडे मोठं मागावं, मग थोडं मिळतं, असा रिवाज आहे. खरं आहे. पण मोठं मागून थोडं मिळालं की त्या थोड्यातून कमान होते, पायधुणं होत नाही. लहान आणि नेमकं मागितलं की नकार द्यायलाही नेमकं कारण द्यावं लागतं. आणि नकारच आला, तरी बागांच्या बांधावरची पायधुणी परिषदेविना करायला कुणाची परवानगी लागत नाही.

टॉवर चौकातल्या त्या स्नेह्याला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, ‘‘पाहुण्याला आल्या आल्या बूट धुवायला लावायचे? लोक काय म्हणतील?’’ मी म्हणालो, तुझ्या आजीच्या घरी काय पद्धत होती? ओसरीवर पाय ठेवायच्या आधी तांब्याभर पाणी मिळायचं ना? तो गप्प झाला. मग त्यानंच रावेरच्या मेहुण्याला फोन लावला आणि विचारलं की तुमच्या बागेच्या बांधावर नळ आहे का. पलीकडून उत्तर आलं, ठिबकची नळी आहे, नळ नाही. बसवून घ्यायचा तर किती येईल, हे विचारून संध्याकाळी सांगतो.